विचारा बिनधास्त : एअरसॉफ्ट खेळायचंय, बंदूक कुठनं घेऊ?

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेलो की नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीनं मला दोन वर्षं इंग्लंडला पाठवलं होतं तेव्हा रविवारी तिथल्या पोरांसोबत एअरसॉफ्ट खेळायला जायचो, आणि त्यावर प्रश्नांची अशी लाइन लागली की पिंपळगावला टोमॅटोच्या सीझनला ट्रॅक्टरची लागते तशी. म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच. ज्यांना हा प्रकार माहीतच नाही त्यांच्यासाठी एवढंच, की दिसायला हुबेहूब खरी पण आतून खेळणं अशा बंदुकीतनं ६ मिलिमीटरचे गोल प्लॅस्टिकचे छर्रे मारायचे, ज्याला लागला त्यानं स्वतःहून हात वर करून ‘हिट’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. बीबी म्हणतात त्या छर्‍यांना. रंग लागत नाही, अंपायर बघत नाही, सगळा मामला इमानावर. जपानमध्ये खरी बंदूक सामान्य माणसाला मिळणं जवळपास अशक्य, त्यातून तिथं हा नाद वाढला आणि १९९१ मध्ये तोक्यो मारुईनं बॅटरीवर चालणारी फामास रायफल काढली तेव्हापासून जगभर पसरला. आता प्रश्न.

मी १९ वर्षांचा आहे, कॉलेज रोडला राहतो. इन्स्टावर एक सेलर एम४ रायफल १८ हजारात देतोय, म्हणतो लायसन लागत नाही, हंड्रेड पर्सेंट लीगल, पुढे ऑरेंज टिप आहे, अर्धे पैसे अ‍ॅडव्हान्स. घेऊ का? आणि सोबत अजून काय काय लागेल?

भाऊ, आधी ते अठरा हजार खिशात ठेव. माझ्या एका मित्रानं असेच नऊ हजार पाठवले होते, त्यानंतर त्या सेलरचा डीपीसुद्धा दिसला नाही त्याला. पण समजा सेलर प्रामाणिक आहे असं धरू, तरी त्याचं ‘हंड्रेड पर्सेंट लीगल’ हे वाक्य मला पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा नीट सांगतो कारण या एका गोष्टीवर सगळे अडकतात.

आपल्याकडचा शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात फायरआर्म म्हणजे काय याची जी व्याख्या आहे ती फक्त दारूगोळ्यापुरती नाहीये, स्फोटकाच्या किंवा ‘दुसऱ्या प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर कुठलीही वस्तू फेकणारं हत्यार असं तिथं लिहिलंय. म्हणजे स्प्रिंग आली, गॅस आला, हवा आली. त्याच कायद्यात दुसरीकडे असंही आहे की जे हत्यार खेळणं म्हणून वापरण्यापलीकडे काही कामाचं नाही आणि ज्याचं चालू हत्यार बनवता येत नाही ते यातनं बाहेर. दिवाळीतली टिकल्यांची बंदूक त्या दुसऱ्या वाक्यात आरामात बसते, तिच्यासाठी कोणी विचारणार नाही. पण मेटल बॉडीची, तीन किलोची, लांबून बघितली तर देवळालीच्या जवानाच्या खांद्यावरची वाटेल अशी एम४ कुठल्या वाक्यात बसते हे तू ठरवणार नाहीस आणि तो इन्स्टावालाही नाही. ते नाक्यावरचा पोलीस ठरवणार आणि नंतर कोर्ट.

मग लोक म्हणतात, अरे पण एअरगनला लायसन लागत नाही ना! बरोबर, पण ती सूट मोजून मापून दिलेली आहे. २०१६ चे आर्म्स रूल्स आहेत, त्यानुसार एअरगनची ताकद २० ज्यूलच्या आत आणि नळी .१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंत असेल तर ती बिनपरवान्याची, आणि तीसुद्धा दुकानदार अठरा पूर्ण बघून, आयडी घेऊन, नोंद करून देतो. आता तुझी एअरसॉफ्ट बघ. ताकद किती, तर जेमतेम एक-सव्वा ज्यूल. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगानं गेला, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत ३२८ एफपीएस (सेकंदाला फूट), की बरोबर १ ज्यूल होतो. वीसच्या पासंगालाही नाही. पण नळी? सहा मिलिमीटरला थोडी वरच. म्हणजे ताकदीत पास, मापात नापास, त्यामुळे ‘एअरगन चालते म्हणून एअरसॉफ्टही चालते’ हा हिशोब जुळत नाही. विचित्र वाटतं ना, आठ ज्यूलची एअरगन चालते आणि एक ज्यूलचं खेळणं अडतं, मलाही वाटतं, पण कायदा तुझ्या-माझ्या फिजिक्सच्या पेपरवर चालत नाही.

ऑरेंज टिपचं म्हणशील तर तो अमेरिकेचा नियम आहे. तिथं खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला केशरी टोक लागतं. आपल्याकडे केशरी टोक लावलं म्हणून कुठलीही वस्तू कायदेशीर होत नाही, ते स्टिकर लावून रिक्षा विमान होत नाही तसंच. आणि बाहेरच्या वेबसाइटवरनं मागवायचं डोक्यात असेल तर शस्त्र कायद्याचं कलम १० वाच, परवान्याशिवाय शस्त्र देशात आणता येत नाही, आणि पार्सलमध्ये एक्स-रेला बंदुकीचा आकार दिसला की ते शस्त्र आहे का खेळणं हा वाद घालायला तुलाच कागद घेऊन उभं राहावं लागतं. पैसे तर गेलेलेच असतात.

तरीही मनात असेल तर एकच सरळ रस्ता आहे, विचारायचं, तेही लेखी. नाशिक शहरात शस्त्र परवाना पोलीस आयुक्तांच्या हातात, आयुक्तालयाच्या हद्दीबाहेर जिल्हाधिकाऱ्यांच्या, म्हणजे सीबीएसजवळचं कलेक्टर ऑफिस. मॉडेलचं नाव, नळीचं माप, ज्यूल, सगळं लिहून अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. उत्तर येईपर्यंत एक रुपया कोणाला द्यायचा नाही. आणि ज्या सेलरला पक्कं बिल द्यायचं नाही, जीएसटी नंबर द्यायचा नाही, बिलावर वस्तूचं खरं नाव लिहायचं नाही (‘टॉय पार्ट्स’ असं लिहितात हे लोक), त्याच्याशी पुढचं बोलणंच नको.

समजा हातात आलीच कुठून तरी, तर ती घेऊन सोमेश्वरच्या धबधब्यावर रील काढायला जायचं नाही, हे मी हात जोडून सांगतो. पोलीस आयुक्त अधूनमधून महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढत असतात, आपल्याकडे सणवार, मोर्चे, निवडणुका काही ना काही चालू असतंच, त्यात बंदुका, तलवारी, अगदी लाठ्या-काठ्या घेऊन फिरायलाही बंदी असते. त्यात २०२७ चं सिंहस्थ तोंडावर. अशा वेळी गोदाकाठी बंदूक घेतलेला पोरगा दिसला तर समोरचा आधी ज्यूल विचारणार नाही.

आता ‘सोबत काय लागेल’. माझं मत उलटं आहे, सोबतचंच आधी घे आणि बंदूक सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. मी दोन वर्षांत पहिले आठ महिने भाड्याची बंदूक वापरली आणि माझं काही अडलं नाही. पण पहिल्या पगारातनं गॉगल घेतला. कारण एअरसॉफ्टमध्ये अंगावर लागलं तर लाल टिपका उठतो, चावल्यासारखं होतं, दोन दिवसांत जातं. डोळ्यावर लागलं तर डोळा जातो. मधलं काही नाही.

आणि इथं आपल्या एमआयडीसीवाल्यांना एक गंमत सांगतो. कंपनीत मिळतो तो पारदर्शक सेफ्टी चष्मा घालून खेळू का असं तिघांनी विचारलंय. त्या चष्म्याच्या दांडीवर बारीक अक्षरात बघा, ईएन १६६ (हे युरोपचं मानक) आणि पुढे एफ लिहिलेलं असतं. एफ म्हणजे ६ मिलिमीटरची, ०.८६ ग्रॅमची स्टीलची गोळी सेकंदाला ४५ मीटरनं मारून टेस्ट केलाय. हिशोब केला तर ती गोळी एक ज्यूलही भरत नाही, ०.८७ ज्यूल म्हणा. म्हणजे तुमचा चष्मा टेस्ट झालाय त्यापेक्षा एअरसॉफ्टचा छर्रा जोरात येतो! बी लिहिलेला हवा, तो १२० मीटरच्या वेगाला टेस्ट केलेला असतो, सहा ज्यूलच्या वर, आणि तो चष्म्यात मिळतच नाही, कडेनं बंद असलेल्या गॉगलमध्ये किंवा पूर्ण चेहऱ्याच्या शील्डमध्येच मिळतो. अमेरिकन मार्किंग असेल तर झेड८७ च्या पुढे प्लसचं चिन्ह बघायचं. शिवाय चष्म्याच्या बाजूला फट असते आणि छर्रा आपटून कुठूनही येतो.

जाळीचे मास्क मिळतात, त्यात वाफ धरत नाही म्हणून सगळ्यांना आवडतात, पण हलक्या प्रतीचा छर्रा जाळीवर फुटला तर त्याचा चुरा आत येतो. मी खाली अर्धा जाळीचा मास्क आणि वर बंद गॉगल असं वापरायचो. वाफेचं एक सांगतो, नोव्हेंबरची थंडी, पळून पळून घाम आलेला, काचेवर काही दिसेना म्हणून मी झाडामागे बसून गॉगल दोन बोटं वर केला, दोनच बोटं, आणि भुवईच्या वर छर्रा बसला. मारणाऱ्याची काही चूक नव्हती, त्याला माझी टोपी दिसत होती. अर्धा इंच खाली असता तर आज हा कॉलम एका डोळ्यानं लिहिला असता. काही दिसेना झालं तर हात वर करून बाहेर यायचं, गॉगल काढायचा तो सेफ झोनमध्ये.

बाकी मग घोट्याच्या वर जाणारे बूट (ट्रेकिंगला घेतलेले असतील तेच, हरिहर-ब्रह्मगिरीला जाणाऱ्या पोरांकडे असतातच), हातमोजे, जुनी जीन्स, आणि एक लाल फडकं, जे हिट झाल्यावर डोक्यावर धरायचं म्हणजे कोणी परत मारत नाही. आर्मीसारखे कपडे घेऊ नकोस, विशेषतः आपल्या गावात, जिथं देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे आणि खरे युनिफॉर्मवाले रस्त्यानं जात-येत असतात.

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. जत्रेतून आणलेल्या बंदुकीने प्लॅस्टिकच्या गोळ्या मारतो, परवा शेजारच्या मुलीच्या गालाला लागली. आता वाढदिवसाला ‘खरी एअरसॉफ्ट’ हवी म्हणून हट्ट धरलाय. काय करू? — एक आई, इंदिरानगर

ताई, जत्रेतली आज रात्रीच कपाटावर ठेवून द्या. रागावून नको, पण ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्या बंदुकीवर शोधा, माझी पैज आहे सापडणार नाही. ताकद कमी असली तरी जवळून डोळ्याला ती पुरेशी आहे, आणि गाल ते डोळा अंतर किती असतं ते तुम्हीच बघितलंय परवा. पाण्यात फुगणाऱ्या जेलच्या गोळ्यांची बंदूक मऊ असते म्हणून चालेल का असंही काही पालक विचारतात, त्यालाही माझं उत्तर तेच, चष्म्याशिवाय नाही आणि माणसावर तर नाहीच.

पण हट्ट मोडायचा असेल तर नुसतं ‘नाही’ म्हणून मोडत नाही, हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं. त्याला दहा मीटर एअर रायफलच्या रेंजवर घेऊन जा. मी स्वतः इंग्लंडहून आल्यावर तिकडेच वळलो. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, दहा मीटरवर कागद, आणि मधला दहाचा ठिपका किती माहितीये, अर्धा मिलिमीटर! पेनाच्या टोकाएवढा. पहिल्या दिवशी पोराचे हात थरथरतील, तासाभरात सगळी मस्ती उतरेल आणि रायफल कधी उचलायची, नळीचं तोंड कुठे ठेवायचं, बोट ट्रिगरवर कधी न्यायचं हे कोच इतक्या कडकपणे शिकवतात की घरी शेजारच्या मुलीवर नेम धरायची हिंमतच व्हायची नाही. रायफल क्लबची असते, सुरुवातीला विकत काही घ्यायचं नाही. छर्रे शिशाचे असतात म्हणून नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू द्यायचा नाही, एवढं मात्र बघा.

आणि त्याला स्वप्नील कुसाळेची गोष्ट सांगा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा, शाळेच्या वयात क्रीडा प्रबोधिनीत आला, आपल्या नाशिकमध्येच नेमबाजी शिकला, आणि २०२४ ला पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिकचं ब्राँझ घेऊन आला. ४५१.४ गुण. तेराव्या वर्षी हे ऐकलं की कॉल ऑफ ड्यूटी या व्हिडिओ गेमपेक्षा जास्त लक्षात राहतं, माझ्या पुतण्याच्या तरी राहिलं.

मी सिडकोची. सप्टेंबरला इंग्लंडमध्ये लेस्टरला एमएस्सीला चाललेय. तिथं एअरसॉफ्ट लीगल आहे म्हणतात, मला खेळायचंय. खरेदीचे नियम काय? आणि भाऊ म्हणतो येताना एक घेऊन ये.

अरे वा, हा प्रश्न वाचून मलाच परत जावंसं वाटलं. तिथं लीगल आहे, पण तिथंही मोकाट नाही, आणि नियम इतके स्पष्ट लिहिलेत की आपल्याकडच्या गोंधळानंतर बरं वाटतं.

२००६ चा व्हायलंट क्राइम रिडक्शन अ‍ॅक्ट आहे त्यांचा. त्यानुसार खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकायलाच बंदी. मग एअरसॉफ्टवाले कसे घेतात, तर त्या कायद्यात खेळाडूंसाठी एक पळवाट नाही, रीतसर दरवाजा ठेवलाय, तू खरंच मैदानावर जाऊन खेळतेस हे दुकानदाराला पटलं पाहिजे. त्यासाठी यूकारा नावाचं रजिस्टर आहे. एकाच मैदानावर कमीत कमी ५६ दिवसांच्या काळात तीनदा खेळायचं, मैदानवाले तुझं नाव पाठवतात, नंबर मिळतो, तो नंबर दुकानात दाखवला की काळी, खऱ्यासारखी बंदूक मिळते. तीनही गेम एकाच आठवड्यात उरकले असं चालत नाही, दोन महिने जाऊ द्यावेच लागतात. नंबर नसेल तर ‘टू-टोन’ घ्यायची, म्हणजे अर्ध्याहून जास्त भाग झगझगीत निळा, हिरवा, केशरी असा रंगवलेली. होळीच्या पिचकारीसारखी दिसते, मैदानावर सगळे चिडवतात. दोन्हीला वय १८ पाहिजे, ते तुझं आहेच.

ताकदीचंही लिहिलेलं आहे, २०१७ च्या कायद्यानं. सलग गोळ्या मारणारी असेल तर १.३ ज्यूलपर्यंत, एकेक मारणारी असेल तर २.५ पर्यंत, त्याच्या वर गेली की ते खेळणं राहत नाही, फायरआर्म होतं आणि मग तुझा व्हिसा आणि तू. म्हणून मैदानावर सकाळी सगळ्यांच्या बंदुका क्रोनोवर लावतात, वेग मोजायचं छोटं मशीन असतं, बहुतेक ठिकाणी ०.२० च्या छर्‍याला ३५० एफपीएस ही लक्ष्मणरेषा. कोणी जड छर्रा भरून वेग कमी दाखवायची हुशारी करतो म्हणून मैदानवाले स्वतःचे छर्रे भरूनच मोजतात.

पण तू लगेच घेऊच नकोस. ‘वॉक-ऑन’ म्हणून रविवारचे गेम असतात, भाड्यात बंदूक, मास्क, छर्रे सगळं येतं. लेस्टरच्या आसपास गुजराती-मराठी पोरं भरपूर, एक गाडी भरून जा, कारण मैदानं जंगलात असतात आणि रविवारी तिथली बस म्हणजे आपल्या पेठ-सुरगाण्याच्या शेवटच्या एसटीसारखी. घ्यायची झालीच तर पहिली बॅटरीवाली घे, तिला एईजी म्हणतात. आत मोटर, गिअर, स्प्रिंग. गॅसवाली हातात मस्त झटका देते पण थंडीत गॅसचा दाब पडतो, आणि इंग्लंडात आठ महिने थंडीच, मी पिस्तूल गॅसचं घेतलं आणि डिसेंबरात ते काखेत धरून गरम करत बसायचो. लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी घेतलीस तर बॅलन्स चार्जरवरच चार्ज कर, फुगलेली दिसली की मोह सोड, आणि होस्टेलच्या रूममध्ये चार्जिंगला लावून झोपायचं नाही, आग लागते त्यांनी, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

अजून एक शब्द तिथं पहिल्याच दिवशी कानावर पडेल, हॉप-अप. नळीच्या सुरुवातीला वरून एक रबराचा उंचवटा असतो, तो छर्‍याला उलटी फिरकी देतो आणि त्या फिरकीमुळे छर्रा हवेत तरंगत लांब जातो, स्पिनरचा चेंडू हवेत वळतो तेच तत्त्व, फक्त इथं वरच्या दिशेला. स्क्रू जास्त पिळला तर छर्रा आभाळात जातो, कमी असेल तर पायाशी पडतो. ०.२५ ग्रॅमचे छर्रे घेऊन शांतपणे सेट केलंस तर महागडी बंदूक घेतलेल्यांपेक्षा तुझा नेम बरा लागेल.

बंदूक बसमधनं, रस्त्यावरनं उघडी न्यायची नाही, सार्वजनिक जागी योग्य कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणं हाही तिथं गुन्हाच आहे. बॅगेत बंद, बॅटरी काढलेली, घर ते मैदान.

आणि भावाला सांग, गॉगल आणीन, टी-शर्ट आणीन, बंदूक नाही. वर कलम १० लिहिलंय तेच लागू. परत यायच्या आधी तिथल्याच क्लबमध्ये विकून टाक, मीही तेच केलं, विकताना डोळ्यात पाणी आलं हे घरी कोणाला सांगितलं नाही.

आमचा गिरणाऱ्याला मळा आहे, आठ-दहा मित्र मिळून तिथं खाजगी जागेत खेळलो तर कोणाची परवानगी लागते? खाजगी जागा आहे ना आपली.

जागा तुमची आहे, बंदुका कोणाच्या? जागा खाजगी असली म्हणून हातातली वस्तू कायदेशीर होत नाही, त्यामुळे वरचं पहिलं उत्तर परत वाचा. बंदुकांचं कागदोपत्री काही निघालंच तरी मी मळ्यात खेळायच्या विरोधात आहे. एकतर टोमॅटोच्या शेतात मजूर बायका असतात, पोरं असतात, बांधावरनं कोणीही येतं, आणि छर्रा चाळीस-पन्नास मीटर आरामात जातो. दुसरं, शेजारच्याने लांबून दहा जण बंदुका घेऊन पळताना बघितले तर तो ११२ लावणार आणि त्याचं काहीच चुकलं नाही. तिसरं, ते हजारो छर्रे जमिनीत राहतात, बायो (म्हणजे मातीत विरघळणारे) लिहिलेलेसुद्धा आठवड्यात विरघळत नाहीत, आणि त्या जमिनीत तुम्हाला पुढच्या वर्षी पीक घ्यायचंय.

आठ-दहा जण असाल तर एक दिवस पुण्या-लोणावळ्याकडे पेंटबॉलला जा, जागा, बंदूक, मास्क, विमा, जबाबदारी सगळी त्यांची. आधी फोन करून विचारा, मास्क पूर्ण चेहऱ्याचा आहे का, मैदानात मास्क काढला तर बाहेर काढता का. ‘तेवढं काय नसतं सर’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.

पेंटबॉल आणि एअरसॉफ्ट एकच ना? कशाने जास्त लागतं?

एक नाही. पेंटबॉलची गोळी .६८ इंच, साधारण तीन ग्रॅमची, आत रंग. वेग ३०० एफपीएसच्या आत ठेवतात तरी ताकद दहा-बारा ज्यूल भरते, एअरसॉफ्टच्या दहापट. फुटते म्हणून चालतं, नाही फुटली तर लिंबाएवढा काळानिळा डाग. एअरसॉफ्टचा बारीक टिपका, पण नखावर किंवा दातावर बसला की पेंटबॉल बरा म्हणाल. पेंटबॉलची बंदूक कुठूनही बंदुकीसारखी दिसत नाही, वर गोळ्यांचा डबा असतो, म्हणून तिला बघून कोणी घाबरत नाही.

निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. पाखरं फार त्रास देतात. वीस ज्यूलच्या आतली एअरगन बिनपरवाना मिळते म्हणता, तर ती घेऊन पाखरांसाठी वापरली तर चालेल का?

दादा, घेता येईल, पाखरावर चालवता येणार नाही. बंदुकीला परवाना लागत नाही याचा अर्थ शिकारीला परवाना मिळाला असा नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा वेगळा आहे आणि त्यात ‘बागेचं नुकसान करत होतं’ म्हणून बुलबुल-साळुंकी मारायची मुभा तुम्हाला मिळत नाही. त्यात तुमच्याच तालुक्यात नांदूरमधमेश्वर, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झालेलं, वनखात्याची माणसं तिथं कायम फिरतीवर. शिवाय शिशाचा छर्रा घडात अडकला आणि एक्स्पोर्टच्या पेटीत गेला तर पूर्ण कंटेनर परत येईल, त्याचा खर्च पाखरांनी खाल्लेल्या मण्यांपेक्षा किती होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मणी पाणी धरायला लागायच्या आत बागेवर जाळी टाका, चमकणाऱ्या फिती लावा, आणि सकाळी सहा ते आठ कोणीतरी डबा वाजवत फिरलं तरी निम्मं काम होतं. माझे मामा ओझरला तेच करतात, डबा जुना डालड्याचा आहे.